छपरावर काहीही न लावता फुकट चॅनल: फक्त वायफायवर टीव्ही चालवल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. मराठी बातम्या, सह्याद्री, देवदर्शन, जुने हिंदी चित्रपट आणि गाणी एवढ्यावर घर खूश असेल, तर अँटेना, छत्री, केबल यांपैकी काहीही न घेता टीव्ही उत्तम चालतो. स्टार प्रवाह आणि झी मराठीच्या मालिका रोज ठरलेल्या वेळी लागल्याच पाहिजेत असं असेल, किंवा घरात कोणी क्रिकेटवेडं असेल, तर पुढचं वाचून मगच केबल काढा.

आणि 'फुकट' म्हणजे चॅनलचं भाडं नाही एवढंच. इंटरनेटचं बिल आहेच. ब्रॉडबँड आधीपासून घरात असेल तरच हे परवडतं. केवळ टीव्हीसाठी नवं कनेक्शन घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

गच्चीवरचा जुना काड्यांचा अँटेना आता शोभेचाच. दूरदर्शनने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि २०२२ पर्यंत मोक्याच्या सुमारे ५० ठिकाणांपुरतंच ते उरलं. खरा फुकट पर्याय म्हणजे डीडी फ्री डिश: २००४ मध्ये सुरू झालेली, महिन्याचं भाडं नसलेली दूरदर्शनची छत्रीची सेवा. गावच्या घराला आजही तीच घ्यावी. शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र गाडी भूमितीवर अडते. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश वर दिसतो. म्हणजे बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर विषय संपला. आग्नेयेला असली तरी छत्री कठड्यालगतच हवी: वरच्या मजल्याचा स्लॅब छत्रीपासून २ मीटर उंच असेल, तर छत्री स्लॅबच्या कडेपासून सव्वा मीटरपेक्षा आत गेली की सिग्नल स्लॅबवर आपटतो. कठड्याबाहेर काही लटकवायला सोसायटी परवानगी देत नाही आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला घरमालक. म्हणून हा वायफायचा मार्ग.

सगळ्यात जास्त वापर यूट्यूबचाच होतो. एबीपी माझा, टीव्ही ९ मराठी, झी २४ तास, साम, न्यूज १८ लोकमत ही चॅनल तिथं थेट चालू असतात. सिद्धिविनायक आणि शिर्डीचं थेट दर्शनही मिळतं. गणपतीत लालबागच्या राजाचं मिळतं. टीव्हीसाठी वेगळं गुगल खातं काढा आणि त्यात फक्त हवी ती चॅनल सबस्क्राइब करा. मोबाइलचंच खातं टीव्हीवर टाकलं, तर आजोबांच्या बातम्यांत नातवाचे गेमिंगचे व्हिडिओ घुसतात आणि रिमोट दर पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात जातो.

इथं एक गोम आहे, ती बहुतेकांना उशिरा कळते. चालू असलेलं थेट प्रक्षेपण आपण 'सेव्ह' करतो, तेव्हा ते चॅनल नव्हे, तो एक विशिष्ट व्हिडिओ साठवला जातो. चॅनलवाल्यांनी प्रक्षेपण बंद करून पुन्हा सुरू केलं की नव्या प्रक्षेपणाचा पत्ता नवा. मग प्लेलिस्टमधल्या जुन्या नोंदीवर क्लिक केलं की काळा पडदा येतो, नाहीतर परवाच्याच बातम्या सुरू होतात. घरच्यांना वाटतं नेट गेलं. प्लेलिस्टच्या भानगडीत न पडता सबस्क्रिप्शनमधून चॅनलचं पान उघडायचं आणि तिथल्या 'लाइव्ह' टॅबमधून आत जायचं. दोन बटणं जास्त दाबावी लागतात, पण चुकत नाही.

सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं (दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी सरकारी संस्था) वेव्हज हे अ‍ॅप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. दूरदर्शनची चॅनल, काही खासगी चॅनल आणि जुन्या मालिका त्यात एकत्र मिळतात. टीव्हीच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये सापडत नसेल तर मोबाइलवर घेऊन टीव्हीवर कास्ट करा, म्हणजे मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर पाठवा, मात्र दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर हवीत. आकाशवाणीही त्यातच ऐकता येते. सॅमसंग किंवा एलजीचा स्मार्ट टीव्ही असेल, तर सॅमसंग टीव्ही प्लस किंवा एलजी चॅनल्स हे आधीच टीव्हीत असतं: जाहिराती पाहा, पैसे नकोत, असा मामला. क्रमांक दाबून चॅनल बदलता येतं, त्यामुळे केबलची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात सोपं जातं. मराठीसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

डेटाचा हिशेब: ७२० पी दर्जाला (पी म्हणजे चित्राची स्पष्टता, आकडा मोठा तितकं चित्र स्पष्ट) तासाला साधारण १ जीबी, ४८० पीला त्याच्या निम्मा. दिवसाला ८ तास टीव्ही चालू राहिला तरी महिन्याला २४० जीबी होतात, आणि घरगुती फायबर प्लॅनची मर्यादा बहुधा ३,३०० जीबीची असते. चिंता नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर मात्र रोजचे २ जीबी दोन तासांत उडतात. ३२ इंची टीव्हीवर बातम्यांसाठी ७२० पी पुरे. दर्जा 'ऑटो'वर न ठेवता तिथंच बांधून टाकला की मध्येच धूसर, मध्येच स्पष्ट असा खेळ थांबतो.

चित्र अडकलं की सगळे कंपनीला फोन लावतात, पण बऱ्याचदा दोष भिंतीचा असतो. नेटचा वेग मोबाइलवर मोजू नका, टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये मोजा, कारण टीव्हीचा वायफाय अँटेना मागच्या पत्र्याआड आणि भिंतीला चिकटून असतो. राउटर हॉलमध्ये आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दोन भिंतींतच दम टाकतो. २.४ गिगाहर्ट्झचा पोहोचतो, पण तिथं अख्ख्या इमारतीची गर्दी. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ साठी वायफायचं चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं निवडा. त्याहून चांगलं म्हणजे स्कर्टिंगच्या कडेने कॅट-६ ही नेटची वायर ओढून थेट टीव्हीच्या लॅन पोर्टला लावणं. बहुतेक टीव्हींचा तो पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, आणि थेट चॅनलला ५ एमबीपीएस लागले तरी डोक्यावरून पाणी.

लाईट जाऊन आली की राउटरला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. टीव्ही आधीच उठून 'इंटरनेट नाही' म्हणत बसतो. काही टीव्हींचं घड्याळही मागे जातं. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही, मग नेट चालू असूनही एकही अ‍ॅप उघडत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्यावर ठेवा. राउटरला मिनी यूपीएस लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे पाहा, बहुधा १२ व्होल्ट असतात आणि अँपिअर १ ते २. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी, हे बरेच जण विसरतात.

दिवसभर टीव्ही चालू ठेवणाऱ्या घरात आणखी एक तक्रार हमखास येते: 'आपोआप बंद होतो.' बिघाड नसतो. वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये काही तास बटण दाबलं नाही तर बंद करण्याची सोय असते, ती वाढवा किंवा काढा. स्वस्त टीव्हीत साठवण ८ जीबी आणि त्यातली निम्मी आधीच भरलेली. अ‍ॅप रेंगाळू लागली की 'क्लिअर कॅशे' करा. शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबलंत तर लॉगिन पुन्हा पहिल्यापासून.

टीव्ही स्मार्ट नसेल पण एचडीएमआय असेल तर स्ट्रीमिंग स्टिक पुरते. तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तो पोर्ट बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतो आणि स्टिक मध्येच रीस्टार्ट होत राहते. तिच्यासोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा.

आता क्रिकेट. २००७ च्या कायद्याने भारतीय पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांचं थेट चित्र हक्क घेतलेल्या चॅनलला प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण ते दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी आणि डीटीएचसाठी. इंटरनेट त्यात येत नाही. डिजिटल हक्क वेगळे विकले जातात. त्यामुळे जो सामना फ्री डिशवर फुकट दिसतो, तो वायफायवर फुकट दिसेल असं धरून चालू नका. शिवाय नेटवरचं थेट चित्र छत्रीपेक्षा अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं. बातम्यांना त्याने फरक पडत नाही.

मालिकांची मोठी मराठी चॅनल पे, म्हणजे पैसे भरून बघायची आहेत. त्यांच्या मालिका त्या-त्या कंपनीच्या अ‍ॅपवर, त्यांच्या अटींनी. 'सगळी चॅनल फुकट' म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एपीके फाइल (अ‍ॅप स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल) टीव्हीत टाकू नका. ती चोरीची चॅनल असतात, आठवड्याभरात बंद पडतात, आणि त्याच टीव्हीवर तुमचं गुगल खातं उघडं असतं. मोबाइल कंपन्यांची टीव्ही अ‍ॅप बरी असतात, पण ती रिचार्ज चालू असेपर्यंतच. त्यांना फुकटात मोजलेलं नाही.

केबल काढायची असेल तर एक महिना दोन्ही चालू ठेवा आणि घरात रोज नेमकं काय लावलं जातं ते पाहा. सातच्या बातम्या आणि सकाळचं दर्शन एवढंच निघालं, तर सेट-टॉप बॉक्स परत करून डिपॉझिटची पावती शोधायला लागा.