सिडनीतला आरएसएल क्लब: आधी टोपी काढा, मग जेवा

लेकीकडे सिडनीला आलोय. "बाबा, इथं फौजींचा क्लब आहे," म्हणत तिनं शनिवारी आरएसएलमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या 'रिटर्न्ड अँड सर्व्हिसेस लीग'च्या क्लबात, जेवायला नेलं. दारात पासपोर्ट दाखवून नाव नोंदवलं. आत शिरणार तोच काउंटरवरच्या पोरीनं खूण केली, टोपी काढा. आता आली पंचाईत. गांधी टोपी मी देवळातसुद्धा काढत नाही. आपल्यात मान द्यायचा तर डोकं झाकतात, यांच्यात उघडं करतात. आत शहिदांचं स्मारक आहे म्हणाली. मराठा लाईट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पुरे. टोपी खिशात.

जेवणाला पाचपैकी अडीच. श्निट्झेल म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात तळलेली चपटी कोंबडी, ताटाबाहेर लोंबणारी, खाली चिप्सचा ढीग. तिखटाचा पत्ता नाही. मंडळींना पास्ता मिळाला, तोही गिचका.

पण भिंतीवरच्या फोटोंपुढं मी अर्धा तास उभा होतो. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतून इथली पोरं जायबंदी होऊन परतली. पेन्शन, काम, औषधपाणी यासाठी भांडायला कुणीतरी हवं, म्हणून 1916 मध्ये चार राज्यांच्या जवानांनी मिळून ही लीग उभारली. हे न्यू साउथ वेल्सवाले, म्हणजे सिडनीचं राज्य, 1917 ला आले. नावात तेव्हा 'इंपीरियल'ही होतं. त्याच 1916 च्या एप्रिलमध्ये इराकातल्या कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकलेल्या आमच्या मराठा पलटणी उपासमारीनं टेकीला येऊन तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्यातल्या परतलेल्यांनी गावी असा क्लब काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. आम्ही माजी सैनिक अजूनही भेटतो ते कॅन्टीनच्या रांगेत, नाहीतर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला.

सहाला दिवे मंदावले. जुगाराची मशिनं गप्प. बिअरचे ग्लास खाली ठेवून सगळे उठले. शहिदांसाठीच्या कवितेच्या चार ओळी म्हटल्या गेल्या, मग सगळ्यांनी एकदम 'लेस्ट वी फरगेट', म्हणजे विसर न पडो. माझ्या टाचा आपोआप जुळल्या. मिनिटभरात मशिनं पुन्हा खणखणायला लागली. ते मला खटकलं. पण 1956 ला क्लबांना ती मशिनं ठेवायची मुभा मिळाली आणि त्याच पैशावर हे क्लब एवढे फोफावले, असं जावईबापू म्हणाले. असेल.

पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार. मंडळी म्हणतात, पर्समध्ये ठेचा घेते.