घरचे डंबेल की जिमचा रॉड?

ताकदीचा व्यायाम करायचा हे ठरलंय, सासूबाईंची हरकत नाही, आणि आता घोडं अडलंय ते घरी डंबेल आणावेत की जिम लावावी यावर. तिथवर आलेल्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. ताकद दोन्हीकडे येते. फरक पडतो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि तोही बऱ्याचदा आरशापाशी.

घराची बाजू आधी घेते, कारण ती खरंच भक्कम आहे. घरी भिंतभर आरसा नसतो, ‘आधी आणि नंतर’चे फोटो नसतात, ‘मॅडम, पोट कमी करायचंय ना?’ असं गृहीत धरणारा ट्रेनर नसतो. सकाळची मिस्सा साडेसहाची असेल तर पाचला उठून अर्धा तास सहज मिळतो. लेंटमध्ये, म्हणजे इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट ही प्रार्थना असते. त्या दिवशी जिमची वेळ हुकते, पण पलंगाखालचे डंबेल रात्रीही काढता येतात.

पीव्हीसीचा 20 किलोचा सेट घेतलात तर प्लेटवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. आत सिमेंट असतं, दोन सारख्या प्लेट्सही सारख्या भरत नाहीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक प्लेट तोला, दांडा वेगळा तोला आणि खरं वजन मार्करने लिहून ठेवा. दर वेळी उचलण्याआधी नट आवळा. तो फिरत फिरत ढिला होतो आणि प्लेट सुटते ती नेमकी हात डोक्यावर असताना. पायांना 20 किलो दोन-तीन महिन्यांत कमी पडतात. मग मागचा पाय खुर्चीवर ठेवून एकेका पायावर स्क्वॉट करायचा, म्हणजे बैठक मारायची, दर पायाला आठ वेळा. तेवढ्यावर आणखी काही महिने निघतात.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय झाला, ती. वजन वाढवण्याची पायरी. घरच्या 5 किलोच्या डंबेलला दोन्ही टोकांना एकेक किलोची प्लेट चढवली की 7 होतात, म्हणजे एकदम 40 टक्के वाढ. जिममध्येही सुख नाही. मोठा रॉड 20 किलोचा असतो आणि बायकांचा 15 किलोचा, थोडा बारीक रॉड क्वचितच दिसतो. 1.25 किलोच्या प्लेट्सची जोडी कायम कुठेतरी गेलेली, म्हणून हाताशी येते ती अडीचची. खांद्यांच्या प्रेसला, म्हणजे रॉड खांद्यांपासून डोक्यावर उचलताना, 20 वरून थेट 25. डेडलिफ्टला, म्हणजे रॉड जमिनीवरून उचलताना, 40 वरून 45 जमून जातं, कारण कंबर-मांड्यांचे स्नायू मोठे असतात. खांद्यांना 25 टक्क्यांची उडी झेपत नाही. तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा उचलताना, कंबर मागे वाकते, कोपरं बाहेर जातात, आणि पुन्हा 20 वर यावं लागतं. असे तीन-चार आठवडे गेले की वहीत तोच आकडा पुन्हा पुन्हा पडतो. मोजायला काही उरलं नाही की बाई वजनकाट्यावर चढते नाहीतर आरशात दंड बघते. काटा तर पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं तरी एक-दोन किलो वर जातो. ‘दंड पुरुषी दिसतील’ ही भीतीही याच दिवसांत डोकं वर काढते. खरं तर बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की चुकून पहिलवान होता येत नाही.

उपाय स्वतः सोबत न्यायच्या चार छोट्या प्लेट्सचा: अर्ध्या किलोची एक जोडी, एक किलोची एक जोडी. पिशवीत मावतात. मग 20 नंतर 21, 22, 23 असं जाता येतं. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांतही 2005 पासून एकेक किलोने वजन वाढवू देतात, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही. वहीत असं दिसतं, आधी किलो आणि पुढे तीन फेऱ्यांत किती वेळा उचललं ते:

बुध. प्रेस 20 – 5, 5, 5
शनि. प्रेस 21 – 5, 5, 4
बुध. प्रेस 21 – 5, 5, 5

घरी अर्धा किलोचे मनगटी पट्टे बांधून हातांपुरती ही अडचण सुटते. पायांपाशी ती पुन्हा उभी राहते आणि तिथे पट्टे कामाचे नाहीत. म्हणून माझा कल जिमकडे. आरशाकडे पाठ करून उभं राहता येतं, तिथे कुणी अडवत नाही. तान्हं बाळ असेल किंवा जिम बसने अर्ध्या तासावर असेल, तर मात्र घरच बरं.

चर्चमध्ये ‘शरीर हे मंदिर’ हे वचन वजन उतरवण्यासाठी सर्रास वापरलं जातं. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात ते आलंय ते व्यभिचाराच्या संदर्भात, कंबरेच्या घेराशी त्याचा संबंध नाही. तीमथ्याला लिहिताना पौल शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडाच मानतो. थोडा, पण मानतो. आणि बायबलमधल्याच नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातली बाई दंड बळकट करते, बारीक करत नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण असतं, तेव्हा जड वजनं उचलू नका, सुट्टी घ्या. लेंटचा उपास करून इस्टरला काट्यावर उभं राहायचं असेल, तर त्याला डाएट म्हणा.

आपल्या छोट्या प्लेट्स तिथल्या रॉडवर बसतील का हे कळायला, फी भरण्याआधी जिममध्ये मोजपट्टी घेऊन जा आणि प्लेटचं भोक मोजा. मोठ्या रॉडच्या प्लेटचं भोक 50 मिलिमीटरचं, गल्लीतल्या बऱ्याच जिममध्ये साधे रॉड, त्यांच्या प्लेटचं 28 ते 30 चं. 50 ची छोटी प्लेट साध्या रॉडवर लोंबते आणि दर रेपला सरकते. साधा रॉड 20 किलोचा नसतोच, तेव्हा तो तोलून मगच वहीत आकडा लिहा. कुर्ता ढगळ असेल तर डेडलिफ्टला रॉडखाली अडकतो, टी-शर्ट बरा. रनिंगचे मऊ बूट नकोत, सपाट तळव्याचे घाला. गळ्यातला क्रूस टी-शर्टच्या आत घ्या. बाहेर राहिला तर डेडलिफ्टला वाकल्यावर झुलत हनुवटीवर आपटतो, आणि छातीपाशी धरलेला रॉड तो थेट गळ्याच्या हाडावर दाबतो.