मधाची कार्बन चाचणी: पैसे वसूल, पण आकडे मागून घ्या

यंदाच्या जांभळाच्या मधाचा पहिला लॉट बाटल्यांत भरण्याआधी एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतला. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवून स्वतःच्या नावाने मध विकणाऱ्यांनी ही चाचणी करून घ्यावीच.

पाण्यात थेंब सोडणं, वात बुडवून पेटवणं यातून काही सिद्ध होत नाही. इथे मध जाळून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमधलं कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचं गुणोत्तर मोजतात. ऊस आणि मका हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात, म्हणून त्यांच्या साखरेत कार्बन-१३ किंचित जास्त असतो. हे गुणोत्तर एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी, ते उणे आकड्यात सांगतात. उसाच्या साखरेचा आकडा उणे ११-१२ दर हजारी, तर जांभूळ-हिरड्याच्या मधाचा उणे २५ च्या आसपास. साखर माशीच्या पोटातून गेली तरी ही खूण पुसत नाही.

मला सगळ्यात पटली ती प्रथिनाची पायरी. तिथल्या ताईंनी ती समोर करून दाखवली. पातळ केलेल्या मधात सोडियम टंगस्टेट आणि सौम्य गंधकाम्ल घालून नळी गरम पाण्यात धरली की प्रथिन गोळा होऊन तरंगायला लागतं. ते धुऊन, वाळवून वेगळं मोजतात. वरून साखर घातली तर मधाचा आकडा सरकतो, प्रथिनाचा जागेवर राहतो. माझा मध उणे २५.६, प्रथिन उणे २५.९, म्हणजे उसाची साखर १.९ टक्के. एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा ७ टक्के.

हे महत्त्वाचं का? पावसाळ्यात साखरपाणी आपण देतोच. पोळ्यात ते शिल्लक असताना मध काढला, तर प्रामाणिक मधपाळाचाही लॉट अडकू शकतो.

दोन गोष्टी खटकल्या. अहवालावर आधी नुसतं ‘मर्यादेत’ लिहून दिलं. दोन्ही आकडे मागितल्यावर मिळाले. आणि काउंटरवर याला ‘शुद्धतेचं सर्टिफिकेट’ म्हणतात, ते चूक आहे. भात आणि बीट कार्बनच्या बाबतीत फुलझाडांच्याच गटातले, त्यामुळे तांदळाचं सिरप या चाचणीत सापडत नाही. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते, फीही वेगळी पडते.

पाचपैकी चार. पुढचा लॉटही इथेच देणार, तांदळाच्या सिरपच्या तपासणीसकट.