'हस्तक्षेप'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

भाषांतर करताना 'हस्तक्षेप' आला की मी लेखणी थांबवते. मराठीत न्यायालय हस्तक्षेप करतं, मंत्री करतात, शेजारचं राष्ट्रही करतं. इंग्रजीत या तिघांना एकच शब्द दिला, तर कुणावर तरी नाहक ठपका बसतो.

खरी निवड इंटरव्हीन आणि इंटरफिअर यांतली. इंटरव्हीन लॅटिनमधून आला, अर्थ सरळ 'मध्ये येणं'. मारामारी सोडवायला मध्ये पडणारा किंवा चालू खटल्यात हस्तक्षेप अर्ज करणारा, दोघांनाही हाच शब्द शोभतो. त्यात निंदा नाही. इंटरफिअरच्या मुळाशी मात्र मार आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ एकमेकांना तडाखे देणं, आणि इंग्रजीत तो आधी घोड्यांबद्दल वापरत: चालताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायावर आपटतो, ते इंटरफिअर. अश्ववैद्यकात हा अर्थ अजून आहे. मी हे चित्र कायम डोळ्यांसमोर ठेवते. चालत्या कामाच्या पायात पाय येतोय का? बदल्यांतला राजकीय हस्तक्षेप, तपासातला हस्तक्षेप, तिथे इंटरफिअरच. खालच्या न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप करायला वरचं न्यायालय नकार देतं, तेव्हा आपल्याकडच्या इंग्रजी निकालपत्रांतही बहुधा हाच शब्द असतो. भौतिकशास्त्रात आपण ज्याला व्यतिकरण म्हणतो तिथे तो निर्दोष आहे, पण ते क्षेत्रच वेगळं.

मेडल (पदकाचं नव्हे) मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्याचा मूळ अर्थ मिसळणं. गाण्यांची मेडली याच घराण्यातली, आणि मिक्सही. आपणही 'ढवळाढवळ' म्हणतो! दुसऱ्याच्या भांड्यात पळी घालण्याचं हे चित्र दोन्ही भाषांना सुचलं. सुनेच्या संसारातल्या ढवळाढवळीला मेडल चपखल बसतो. सरकारी पत्रात मात्र तो टाळा, तिथे तो फार झोंबतो.

टॅम्पर हा टेम्परचाच भाऊ, बहुधा माती मळण्याच्या कामातून आलेला. पुरावे, सील, मीटर यांच्याशी केलेली छेडछाड म्हणजे टॅम्पर. माणसांपैकी तो साक्षीदारांना लागतो, नातेवाइकांना नाही.

ऑफिशसची ऑफिशियलशी गल्लत करू नका. एके काळी त्याचा अर्थ सेवातत्पर होता, आता आगाऊ, न विचारता पुढेपुढे करणारा.

आणि लुडबुडणाऱ्या माणसालाच नाव द्यायचं असेल, तर घरात बिझीबॉडी पुरे; बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरातही तो आहे. इंटरलोपर त्याहून कडक: ज्याला आत यायचा हक्कच नाही असा. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडून परवान्याविना व्यापार करणाऱ्यांना कंपनी हेच म्हणे. त्यांतलाच एक थॉमस पिट. त्यालाच पुढे कंपनीने मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जवर नेमलं आणि १६९८ ते १७०९ तो तिथला गव्हर्नर होता.