फ्लॅशशिवाय पाण्याखालचे फोटो: लाल फिल्टर, राखाडी पाटी आणि डार्कटेबल, एका मोसमानंतर

मोसम संपला, सामान धुऊन-पुसून कपाटात गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय. सामान असं: रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) देणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा, त्याचं पॉलिकार्बोनेटचं हाउसिंग (जलरोधक खोकं), हाउसिंगच्या तोंडावर बसणारे दोन फिल्टर (एक लाल, एक मॅजेंटा), तळहाताएवढी राखाडी पाटी (फोटोतल्या रंगांचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, हिच्यावरून ठरवायचा) आणि घरी लॅपटॉपवर डार्कटेबल (रॉ फाइल सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर). स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) नाही, टॉर्च नाही. वापर ऑक्टोबर ते मे, बहुतेक मालवण-तारकर्लीला, थोडा अंदमानात. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडून जाणाऱ्याला बॅगेत मावेल एवढंच सामान परवडतं, हेही एक कारण.

निकाल आधीच सांगतो. दहापैकी फिल्टरला सहा, पाटीला नऊ. आणि फुकटात जो सगळ्यात मोठा फरक पडतो, तो विषयाच्या जवळ जाण्याने.

कारण साधं आहे. लाल रंग पाणी स्वतःच खातं. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश १० मीटरवर जेमतेम ३ टक्के उरतो, म्हणजे पाच स्टॉपची घट (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). त्याच अंतरात ४५० नॅनोमीटरचा निळा ९० टक्क्यांच्या वर टिकून असतो. लोक फक्त खोली मोजतात, पण प्रकाश वरून खाली येतो आणि मग विषयापासून लेन्सपर्यंतही येतो. दोन्ही अंतरांची बेरीज धरायची. ८ मीटर खोलीवर विषय ३ मीटर लांब असेल तर हिशेब ११ मीटरचा. तोच विषय १ मीटरवर घेतला तर ९ चा, आणि तेवढ्यानेच हाती येणारा लाल जवळपास दुप्पट होतो. कुठलाही फिल्टर हे करू शकत नाही.

फिल्टर लाल रंग तयार करत नाही. तो निळा-हिरवा अडवतो, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे फोटोचे तिन्ही चॅनेल एका पातळीच्या जवळ येतात आणि निळा जळायच्या (तपशील जाऊन कोरा व्हायच्या) आत एक्स्पोजर वाढवता येतं. याची किंमत दीड ते दोन स्टॉप. ४ ते १२ मीटर, डोक्यावर ऊन, पाणी स्वच्छ, असं असेल तेव्हा ती किंमत वसूल होते. ३ मीटरपेक्षा उथळ पाण्यात चेहरे शेंदरी दिसतात. १५ मीटरच्या खाली वाढवायला लालच उरलेला नसतो, मग तो फिल्टर म्हणजे डोळ्यावर बांधलेली पट्टी. शेजारच्या कुणी टॉर्च मारला तर टॉर्चच्या उजेडातलं सगळं तांबडं होतं, तेव्हा फिल्टर काढायचाच.

आता कोकणाचं. अंदमानचं पाणी निळं, आपलं हिरवं. किनाऱ्याच्या पाण्यातलं प्लवक आणि विरघळलेला सेंद्रिय गाळ निळाही खातो, त्यामुळे मधला हिरवा तेवढा शिल्लक राहतो. त्यावर लाल फिल्टर लावला की आधीच कमी असलेला निळा आणखी जातो आणि फोटो मेथीच्या भाजीच्या पाण्यासारखा होतो. मालवणला मॅजेंटा लावा, कारण तो हिरवा अडवतो. पाणी फारच गढूळ असेल तर तोही नको. दोन स्टॉप उजेड घालवण्यापेक्षा नुसती रॉ फाइल बरी. फोर्टमध्ये किंवा ऑनलाइन फिल्टर घेण्याआधी कुठल्या पाण्यात उतरणार हे ठरवा. दोन्ही पाण्यांना चालणारा एकच फिल्टर असं काही नसतं.

पाटी बाजारातली महागडी घ्यायची गरज नाही. राखाडी पीव्हीसी शीटचा तुकडा घ्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओला घासून चमक घालवा, भोक पाडून दोरी बांधा. तो खरंच तटस्थ राखाडी आहे का, हे गच्चीवर उन्हात खऱ्या ग्रे कार्डशेजारी धरून फोटो काढून तपासा. फाइलमध्ये कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतल्यावर पाटीचेही लाल, हिरवा, निळा आकडे सारखे यायला हवेत. पांढरी पाटी उथळ पाण्यात ओव्हर होते, म्हणजे जळते. वाळूवर बॅलन्स घेण्याची सवय अनेकांना असते, पण मालवणची वाळू पिवळसर-तपकिरी आहे. तिला राखाडी मानलं की बाकीचं सगळं निळं पडतं.

पाण्यात क्रम असा. सूर्य पाठीमागे, वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. कॅमेऱ्याचं आणि डाइव्ह कॉम्प्युटरचं घड्याळ बोटीवरच जुळवून घ्यायचं, म्हणजे नंतर प्रत्येक फोटोची खोली कळते. खोली २-३ मीटरने बदलली की पाटी बडीच्या (सोबतच्या डाइव्हरच्या) हातात, विषयाएवढ्याच अंतरावर, वरच्या उजेडाकडे किंचित तिरकी, आणि एक फ्रेम. कॅमेऱ्यातला कस्टम व्हाइट बॅलन्सही तिच्यावरच घ्या. रॉ फाइलला त्याने फरक पडत नाही, पण मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) जेपेगवरून बनतो, तो तरी खऱ्याच्या जवळ येतो. जास्त खोलीवर कॅमेरा हा बॅलन्स घ्यायला नकार देतो, कारण लालला लागणारा गुणक त्याच्या मर्यादेबाहेर जातो. तिथे निमूटपणे पाटीची फ्रेम काढून पुढे जायचं. शटर १/१२५, आयएसओ ८०० पर्यंत, एक्स्पोजर निळा-हिरवा जळणार नाही इतपत हिस्टोग्रामच्या उजवीकडे.

जेपेग का नको? ८ बिटच्या फाइलमध्ये लाल चॅनेल अगदी खालच्या थोड्याशा पायऱ्यांत अडकून बसतो. तो ताणला की पट्टे पडतात. १२ बिटच्या रॉमध्ये पाच स्टॉप खालीही १२८ पायऱ्या उरतात.

डार्कटेबलमध्ये बहुतेक जण जिथे फसतात ते सांगतो. नवीन पद्धतीत व्हाइट बॅलन्स मॉड्यूल कॅमेरा रेफरन्सवर ठेवून सगळं काम कलर कॅलिब्रेशनवर सोपवतात. जमिनीवर ते उत्तम. पाण्याखालचा प्रकाश मात्र इतका एकांगी असतो की तिथलं गणित विचित्र जांभळे-निळे रंग देतं. म्हणून व्हाइट बॅलन्स जुन्या मॉड्यूलमध्येच, पिकरने पाटीवरून घ्या, आणि कलर कॅलिब्रेशनमधलं अ‍ॅडाप्टेशन बंद ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. हेझ रिमूव्हल, म्हणजे धुकं काढणारं मॉड्यूल, हे गृहीत धरतं की धुकं नसलेल्या भागात कुठला तरी एक चॅनेल काळ्याच्या जवळ असतो. पाण्याखाली लाल चॅनेल सगळीकडेच काळा असतो, त्यामुळे त्याला धुकं दिसतच नाही. व्हाइट बॅलन्स मॉड्यूल त्याच्या आधी चालतं. लाल तिथेच वर आणला की धुकं काढणं काम करू लागतं. स्ट्रेंग्थ ०.२ पासून सुरू करून हळूहळू वाढवा.

त्यानंतरही लाल कमी वाटला तर कलर कॅलिब्रेशनच्या आर (लालच्या) टॅबमध्ये हिरव्याकडून उसनं घ्यायचं: लाल ०.५५, हिरवा ०.५५, निळा उणे ०.१०. बेरीज १ ठेवली की राखाडी राखाडीच राहतो. १० मीटरच्या आसपास हे आकडे बरे बसतात, ५-६ मीटरवर लाल ०.८० आणि हिरवा ०.२० पुरे. पण हा खरा लाल नव्हे. तांबडा स्पंज आणि तपकिरी दगड कॅमेऱ्याला सारखेच दिसले असतील तर या उसनवारीने ते वेगळे होणार नाहीत. शिवाय बेयर सेन्सरवर (बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) लाल बिंदू एक चतुर्थांशच असतात, त्यामुळे पाच स्टॉप वर खेचल्यावर दाणे (नॉइज) येतातच. डिनॉइझ प्रोफाइल्ड हे दाणे घालवणारं मॉड्यूल लावा, रंगाचे दाणे जोरात घालवा, तपशिलाला फार हात लावू नका.

शेवटी मागचं पाणी. विषय नीट झाला की मागचं पाणी हमखास जांभळं पडतं, कारण तिथे मुळात लाल नव्हताच, फक्त दाणे होते. पॅरामेट्रिक मास्कमध्ये (रंग किंवा उजेडावरून फोटोचा भाग निवडण्याची सोय) ह्यूवरून, म्हणजे रंगछटेवरून, निळा-हिरवा पट्टा निवडून तेवढ्या भागावर आर टॅबचा परिणाम शून्य करा, फेदर (निवडीच्या कडेचा मऊपणा) भरपूर ठेवा. आमच्या मते थोडी निळाई राहू द्यावी. दहा मीटर खालचा मासा मत्स्यालयातल्यासारखा दिसला की खोटा वाटतो.

यापुढची पायरी अंतराच्या नकाशाची आहे. डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेली सी-थ्रू पद्धत प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर धरून आधी पाण्याचा पडदा वजा करते, मग रंग भरून काढते. घरच्या कामात तेवढी अचूकता येत नाही, पण जवळचं आणि लांबचं वेगळ्या मास्कमध्ये सुधारलं तर त्या दिशेने बरंच जाता येतं.

समुद्राआधी सराव करायचा तर घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या सोसायटीतला पोहण्याचा तलावही चालतो. तिथे खोली मिळत नाही, लांबी मिळते. लाल आणि राखाडी कार्ड १, ३, ६, १० मीटरवर धरून फोटो काढा; लाल कसा विझत जातो ते दिसेल, कारण तो गोड्या पाण्यातही तसाच शोषला जातो. निळ्या फरशीमुळे बॅलन्स मात्र राखाडी कार्डावरच घ्या. हाउसिंग पहिल्यांदा नेताना कॅमेऱ्याऐवजी आत टिश्यू पेपर ठेवून गळती तपासून घ्या.

फिल्टरच्या तक्रारी दोन. पाण्यात उतरताना फिल्टर आणि पोर्ट (हाउसिंगची लेन्सपुढची काच) यांच्यामध्ये बुडबुडा अडकतो आणि फोटोच्या मध्यभागी धूसर डाग येतो; पाण्यात शिरल्यावर फिल्टर एकदा उचलून पुन्हा बसवायचा. दुसरी, ओरखडे. डाइव्हनंतर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, सावलीत वाळवावा, थिनर किंवा कॉलिन लावू नये. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत फिल्टर आणि लेन्स दोन्हींवर बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या दरम्यान. हाउसिंगची ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारं रबरी कडं) खाचेतून काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर दाबून बसलेली रिंग चपटी होते. परत बसवताना सिलिकॉन ग्रीस मुगाच्या दाण्याएवढंच लावा. जास्त लावलं तर त्यावर वाळू चिकटते आणि पाणी तिथूनच आत येतं.