प्रागहून एकच छोटं गाव करायचं तर क्रुमलोव की कुत्ना होरा?

प्रागला आमच्याकडे येणारे पाहुणे तिसऱ्या दिवशी हमखास विचारतात, आता जवळ एखादं छोटं गाव सांग ना, आणि विचारतानाच फोनमध्ये चेस्की क्रुमलोवचा तो फोटो काढून दाखवतात, नदीचा वळसा, लाल कौलं, रंगवलेला मनोरा. मग मी आधी विचारते, रात्री राहणार का? नाही म्हणाले की माझं उत्तर ठरलेलं, कुत्ना होरा.

कारण साधं आहे. क्रुमलोव दक्षिणेला, बसने जवळपास तीन तास, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास बसमध्येच. कुत्ना होरा ट्रेनने तासाभरावर. पण फक्त अंतराचा प्रश्न नाहीये, दोन्ही गावांचा स्वभावच वेगळा.

क्रुमलोव हे सरदारांचं गाव. रोझेनबर्ग घराण्याने 1302 पासून तीनशे वर्षं इथे राज्य केलं, नंतर सम्राट रुडॉल्फने ते विकत घेतलं, मग एगेनबर्ग, आणि 1719 पासून श्वार्झेनबर्ग. मालक बदलले पण गाव कायम किल्ल्याकडे मान वर करून बघत राहिलं. किल्ल्याच्या खंदकात अजून खरी अस्वलं आहेत! आतलं अठराव्या शतकातलं थिएटर मात्र चुकवू नका, पडदे आणि सीन सरकवायची लाकडी यंत्रणा तेव्हाचीच आहे (हिवाळ्यात बंद असतं). चित्रकार एगॉन शीलेची आई इथलीच, 1911 मध्ये तो इथे राहायला आला पण त्याचं वागणं लोकांना पटलं नाही आणि त्याला गाव सोडावं लागलं. आज त्याच्याच नावाचं आर्ट सेंटर तिथे दिमाखात उभं आहे, काय बोलणार. आणि एक गोष्ट फोटोत दिसत नाही, इथले बहुतेक लोक जर्मन बोलणारे होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना हाकलून दिलं, त्यामुळे घरं जुनी पण माणसं नंतर आलेली.

कुत्ना होरा कष्टकऱ्यांचं, म्हणजे खाणकामगारांचं. तेराव्या शतकात चांदी सापडली, लोकांची झुंबड उडाली, 1300 मध्ये राजा दुसऱ्या वेन्सेस्लासने खाणींसाठी खास कायदा केला आणि इटलीहून कारागीर आणून प्राग ग्रोशन नावाचं नाणं पाडायला सुरुवात केली. टांकसाळीला आजही 'इटालियन वाडा' म्हणतात. संत बार्बारा ही खाणवाल्यांची देवी म्हणा हवं तर, तिचं चर्च 1388 ला सुरू झालं आणि पूर्ण झालं 1905 मध्ये, कारण मधे चांदी संपली आणि पैसाही. आत भिंतीवर राजा-राणी शोधू नका, नाणी पाडणारे कामगार रंगवलेत, आणि एका खांबाजवळ पांढरा डगला घातलेला खाणकामगाराचा पुतळा उभा आहे. मला तो आख्ख्या क्रुमलोवपेक्षा आवडतो, पण हे माझं.

कुत्ना होराच्याच सेदलेत्स भागातलं हाडांचं चॅपल मेन स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ, गाव तिथून तीनेक किलोमीटर, म्हणून उतरल्यावर आधी तेच उरका. चाळीस हजारांहून जास्त माणसांची हाडं, 1870 मध्ये रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्याने त्यांचं झुंबर वगैरे केलं. तिथे हाडांचं एक कुलचिन्हही आहे, त्यात कावळा एका तुर्काच्या कवटीचा डोळा टोचतोय. ते चिन्ह कोणाचं? श्वार्झेनबर्गांचं, क्रुमलोवच्याच तेव्हाच्या मालकांचं. लहान मुलं घाबरट असतील तर मात्र बाहेरच थांबा.

गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर क्रुमलोवचे दगडी रस्ते आणि किल्ल्याचा चढ त्रास देतो, हे आधीच सांगते. पण एक रात्र काढू शकत असाल तर क्रुमलोवलाच जा, संध्याकाळी पाचनंतर टुरिस्ट बसेस निघून जातात आणि मग पुलावर उभं राहिलं की फक्त व्ल्तावा नदीचा आवाज येतो, तेव्हा तो फोटो खरा वाटतो.