बेसबॉल, बास्केटबॉल की गोल्फ : अमेरिकेतील कोणत्या खेळाची गोडी लावून घ्यावी?

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला अमेरिकेतील एखाद्या व्यावसायिक खेळाची मनापासून गोडी लावून घ्यायची असेल, मग तो न्यू जर्सीत स्थायिक झालेला असो की नाशिकमध्ये राहून पडद्यावर सामने पाहणारा असो, तर बेसबॉल, बास्केटबॉल आणि गोल्फ हे तीन पर्याय त्याच्यापुढे साहजिकच येतात. तिन्हींचे वेळापत्रक समोर ठेवले की सगळेच नीट पाहणे शक्य नाही, हे लगेच लक्षात येते. मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च लीगमधील 30 संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येकी 162 सामने खेळतात. एनबीए या बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील 30 संघ ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येकी 82 सामने खेळतात. आणि पीजीए टूर या गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत हंगामात जवळजवळ दर आठवड्याला चार दिवसांची एक स्पर्धा असते. म्हणून कोणता खेळ श्रेष्ठ हा वाद बाजूला ठेवून, खेळ आपला किती वेळ मागतो आणि हार पचवण्याची किती सवय करून घ्यावी लागते, या दोन कसोट्या लावाव्यात, असे मला वाटते.

बेसबॉलची गंमत त्याच्या रोजच्या असण्यात आहे. सहा महिने जवळजवळ दररोज आपल्या संघाचा सामना असतो, त्यामुळे एखादा चुकला तरी हळहळ वाटत नाही आणि एखादा हरला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी मिळते. शंभर सामने जिंकणारा संघ उत्तम समजला जातो, म्हणजेच उत्तम संघसुद्धा 62 वेळा हरतो. एका हंगामातील विजयांचा विक्रम 116 असून तो 1906 मध्ये शिकागो कब्जने आणि 2001 मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सने नोंदवला. हा खेळ संथ आहे ही जुनी तक्रार आता बरीचशी निकालात निघाली आहे. 2023 पासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळाचे बंधन आले. बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर त्याला 15 सेकंदांच्या आत चेंडू टाकण्याची क्रिया सुरू करावी लागते, आणि त्यामुळे पूर्वी तीन तासांवर जाणारे सामने सरासरी पावणेतीन तासांच्या आत आटोपू लागले.

क्रिकेटचा धावफलक वाचता येणाऱ्या माणसाला हा खेळ आतून समजून घेण्याचा एक उत्तम मार्ग आहे, तो म्हणजे पेन्सिल घेऊन स्वतः धावफलक लिहिणे. मैदानावरील प्रत्येक स्थानाला एक क्रमांक असतो: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप 6 आणि बाहेरचे तीन क्षेत्ररक्षक डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. चौकटीत ‘6-4-3’ असे लिहिलेले दिसले की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर फेकून एकाला बाद केले आणि तिथून चेंडू पहिल्या बेसवर जाऊन बॅटरही बाद झाला, असा सगळा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला तर, ‘के’ हे रोमन अक्षर लिहितात आणि बॅटर बॅट न फिरवता नुसता पाहत राहिला असेल तर तेच अक्षर उलटे काढतात. अशा चार-पाच सामन्यांच्या नोंदी केल्यावर पिचर आणि बॅटर यांच्यातील झुंज कंटाळवाणी वाटणे जवळजवळ अशक्य आहे.

बेसबॉलमध्ये खटकणारी गोष्ट म्हणजे पैशाची विषमता. खेळाडूंच्या एकूण मानधनावर एनबीएसारखी कमाल मर्यादा इथे नाही, ठरावीक रकमेच्या पुढे फक्त कर भरावा लागतो, त्यामुळे लॉस एंजेलिस डॉजर्ससारखा संघ शोहेइ ओहतानीशी दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलरचा करार करू शकतो. डॉजर्सनी 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली, हे पाहता लहान शहराच्या संघाचा चाहता होणाऱ्याने मन घट्ट करूनच त्यात पडावे. तरीही ओहतानीसाठी डॉजर्सचे सामने पाहावेतच, असे मी आग्रहाने सांगेन. 2025 च्या नॅशनल लीग अजिंक्यपद मालिकेतील चौथ्या सामन्यात त्याने पिचर म्हणून सहा डावांत एकही धाव न देता दहा जणांना स्ट्राइकआउट केले आणि त्याच सामन्यात बॅटर म्हणून तीन होम रन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारले. एका खेळाडूने एका सामन्यात इतके काही करावे, हे कोणत्याही खेळात क्वचितच पाहायला मिळते.

बास्केटबॉलचे गणित नेमके उलटे आहे. सामना 48 मिनिटांच्या खेळाचा, प्रत्येक चढाईला 24 सेकंदांची मुदत, आणि नियम एका बैठकीत कळण्याजोगे, त्यामुळे सुरुवात करायला याहून सोपा खेळ नाही. मात्र नियमित हंगाम तितका जीव ओतून पाहण्यासारखा राहिलेला नाही. तीसपैकी वीस संघांना प्ले-इन (बाद फेरीच्या उरलेल्या जागांसाठीचे सामने) किंवा बाद फेरीत जागा मिळते, म्हणून हिवाळ्यातील एखाद्या मंगळवारच्या निकालाने फारसे काही बिघडत नाही, आणि नामवंत खेळाडूंना विश्रांती देण्याची पद्धत इतकी बोकाळली की 2023-24 पासून बहुतेक मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान 65 सामने खेळण्याची अट घालावी लागली. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालणारी बाद फेरी मात्र अप्रतिम असते. तेच दोन संघ सातपर्यंत सामने एकमेकांशी खेळतात, आणि पहिल्या सामन्यात चाललेला डाव तिसऱ्यात अडवला जातो, त्यावर चौथ्यात नवा तोडगा निघतो. एक खेळाडू आडवा उभा राहून सहकाऱ्याच्या रक्षकाला रोखतो आणि लगेच वळून बास्केटकडे धावतो, या ‘पिक अँड रोल’ नावाच्या एकाच हालचालीवर प्रतिस्पर्धी किती वेगवेगळी उत्तरे शोधतात, एवढेच पाहत राहिले तरी मालिका समजू लागते. शिवाय 2019 ते 2025 या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, म्हणजे आशा बाळगायला इथे बेसबॉलपेक्षा जास्त वाव आहे.

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यासाठी वेळेच्या दृष्टीनेही एनबीए सोयीची आहे. पूर्व किनाऱ्यावरील हिवाळ्यातील सायंकाळचे सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि अंतिम मालिकाही साधारण त्याच वेळी असते. उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर सायंकाळी सात वाजता सुरू होणाऱ्या बेसबॉलसाठी मात्र पहाटे साडेचारला उठावे लागते. पश्चिम किनाऱ्यावरील संघ निवडला तर तोच सामना सकाळी साडेसातला सुरू होतो, ही बाब संघ ठरवताना जरूर लक्षात घ्यावी. एनबीएचा मुंबईशी थेट संबंधही आला आहे: ऑक्टोबर 2019 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन हंगामपूर्व सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, आणि किंग्जच्या मालकांपैकी प्रमुख असलेल्या विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईतलाच.

गोल्फमध्ये शहर नाही, संघ नाही. आपण एका माणसाच्या मागे जातो. तो माणूस शुक्रवारी संध्याकाळी कटमध्ये अडकला, म्हणजे पीजीए टूरच्या बहुतेक स्पर्धांत पहिल्या 65 आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेल्या खेळाडूंमध्ये नसला, की शनिवार-रविवार त्याच्याविना जातात. म्हणून वर्षभर गोल्फ पाहण्याचा सल्ला मी देणार नाही. एप्रिलमधील मास्टर्स, मे महिन्यातील पीजीए चॅम्पियनशिप, जूनमधील यूएस ओपन आणि जुलैमधील द ओपन या चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, मात्र सोडू नयेत, विशेषतः 2022 मध्ये लिव्ह गोल्फ ही प्रतिस्पर्धी मालिका सुरू होऊन खेळाडूंची विभागणी झाल्यापासून, कारण दोन्हीकडचे खेळाडू मुख्यतः तिथेच एकत्र येतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्याच वर्षी प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये अवघ्या एका फटक्याने विजेतेपदाला मुकला आणि काही महिन्यांत लिव्हकडे गेला. गोल्फ काय देऊ शकतो, हे पाहायचे असेल तर 2025 च्या मास्टर्सचा शेवटचा दिवस पाहावा: 2014 नंतर एकही मेजर न जिंकलेल्या रॉरी मॅकिलरॉयने अठराव्या होलवर जवळून पट (चेंडू होलमध्ये घालण्याचा हलका फटका) चुकवला, जस्टिन रोजशी बरोबरी सोडवण्यासाठी प्लेऑफ खेळावा लागला, आणि त्याच्या पहिल्याच होलवर बर्डी (ठरलेल्या संख्येपेक्षा एक फटका कमी) करून त्याने चारही मेजर जिंकणाऱ्या सहा जणांत स्थान मिळवले. मास्टर्सचा शेवट आपल्याकडे सोमवारी पहाटे होतो, पण ब्रिटनमधील द ओपन रविवारी रात्री जेवणानंतर निवांत पाहता येते.

अमेरिकेत राहणाऱ्याने वर्गणी भरण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. बेसबॉल आणि बास्केटबॉल या दोन्हींच्या अधिकृत सेवांवर स्थानिक संघाचे सामने प्रक्षेपण हक्कांमुळे बहुधा दिसत नाहीत, म्हणजे ज्या संघासाठी पैसे भरले, तोच पाहायला मिळत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि संध्याकाळी घरी असणाऱ्या माणसाने बेसबॉलच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि पहिले तिकीट मोठ्या स्टेडियमचे काढण्याऐवजी जवळपासच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या स्तरावरील) संघाचे काढावे, कारण असे 120 संघ देशभर लहान-मोठ्या गावांत आहेत आणि तिथे पिचरच्या इतक्या जवळ बसता येते की चेंडू वळताना दिसतो. महाराष्ट्रात राहणाऱ्याने एप्रिलमध्ये एनबीएच्या बाद फेरीपासून सुरुवात करावी, कोणतीही एक मालिका पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत पाहावी आणि संघ त्यानंतर ठरवावा. गोल्फच्या चार मेजर या दोघांपैकी कोणालाही जोडीला ठेवता येतील. त्यासाठी वर्षातून चार रविवार मोकळे ठेवले तरी पुरे.